प्रेसचं गार्ड, अपघाताची नोटीस आणि भोगवटादार: कारखाना सुरक्षेचा कायदा नेमकं काय मागतो

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात हाताच्या प्रत्येक बोटापुढे टक्केवारी छापलेली आहे. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात, दोन पेरं गेली तर ११ टक्के, एक पेर गेलं तर ९ टक्के. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं तर ५ टक्के. मधल्या बोटाला १२ आणि करंगळीला ७. एका हाताचा अंगठा गेला तर मात्र थेट ३० टक्के, कारण अंगठ्याशिवाय पकड राहत नाही. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत प्रेस यंत्राने पत्रा कापून-वाकवून जॉब, म्हणजे सुटे भाग, काढणाऱ्या प्रेस शॉपच्या मालकाने हा तक्ता एकदा तरी वाचावा. सुरक्षेचा कायदा म्हणजे रजिस्टरं आणि फॉर्म अशी समजूत झालेली असते. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक प्रत्येक कलम यंत्राच्या कुठल्या तरी भागाशी आणि माणसाच्या कुठल्या तरी अवयवाशी बांधलेलं आहे.

आधी कायदा कुठला ते पाहू, कारण सध्या त्यात गोंधळ आहे. १९४८ पासून कारखाने अधिनियम चालत आला आणि आपल्याकडे त्याखाली महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ होते. २०२० मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता मंजूर केली. तिच्यात कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, कंत्राटी कामगार असे एकूण १३ कायदे एकत्र केले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुने नियम नव्या संहितेच्या विरोधात जात नाहीत तिथवर ते सांभाळून घेण्याची तरतूद तिच्यात आहे. म्हणून क्रेनच्या तपासणीचा दाखला किंवा प्रेशर व्हेसलचा रिपोर्ट "जुना कायदा गेला" म्हणून फाइलबाहेर काढू नका. यंत्राला कायदा बदललेला कळत नाही.

तुम्ही कायद्यात बसता का

नव्या संहितेप्रमाणे वीज वापरून उत्पादन करणाऱ्या जागेत २० किंवा जास्त कामगार असतील, किंवा विजेशिवाय ४० असतील, तर तो कारखाना. जुन्या केंद्रीय कायद्यात हेच आकडे १० आणि २० होते. पण "आमच्याकडे अठराच आहेत" म्हणून सुटका होत नाही. संहितेची आस्थापनेची व्याख्या १० कामगारांपासून सुरू होते आणि मालकाची मूळ कर्तव्यं त्या आस्थापनेलाही लागू आहेत. जिवाला धोका असलेलं काम सरकारने अधिसूचित केलं तर तिथे कामगारांची संख्याच पाहत नाहीत.

मोजणीत दोन ठिकाणी फसगत होते. पहिली शिफ्टची: दिवसभरातल्या सगळ्या पाळ्यांचे कामगार एकत्र मोजायचे असतात, त्यामुळे पहिल्या पाळीला बारा आणि दुसऱ्या पाळीला नऊ म्हणजे एकवीस. दुसरी कंत्राटाची. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला हेल्परही तुमच्या शेडमध्ये काम करत असेल तर तो मोजला जातो. एकाच शेडमध्ये भावाच्या, बायकोच्या आणि स्वतःच्या नावाने तीन फर्म काढून आकडा खाली ठेवायचा उद्योग बऱ्याच ठिकाणी चालतो. वीज मीटर एक, गेट एक, सुपरवायझर एक आणि माल एकाच टेम्पोतून जातो, तर कागदावरच्या तीन फर्म निरीक्षकापुढे फार वेळ टिकत नाहीत.

दहाच्या आतल्या वर्कशॉपलाही नुकसानभरपाईचा कायदा आहेच. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भोगवटादार म्हणजे कोण

कारखान्याच्या कायद्यात मालक हा शब्द फारसा नसतो. तिथे भोगवटादार असतो, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. कंपनी असेल तर संचालकांपैकी एक जण. पूर्वी मोठ्या कंपन्या एखाद्या प्लँट मॅनेजरचं नाव भोगवटादार म्हणून द्यायच्या, म्हणजे खटला झाला तर त्याच्यावर. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही वाट बंद केली: कंपनीचा भोगवटादार संचालकच असायला हवा, पगारी अधिकारी चालणार नाही. भागीदारी फर्म असेल तर भागीदारांपैकी कोणीही. रोजचं काम बघणारा व्यवस्थापक वेगळा नेमायचा असतो आणि त्याचीही जबाबदारी वेगळी असते, पण त्यामुळे वरच्याची संपत नाही.

ही कडक भूमिका आली भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्यं सांगणारं कलम ७अ आणि घातक प्रक्रियांवरचं संपूर्ण नवं प्रकरण तेव्हा आलं. त्या कलमातला कळीचा भाग असा, की कामगाराची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण "व्यवहार्य असेल तिथवर" सांभाळायचं. कोर्टात सगळा वाद या शब्दांभोवती फिरतो. धोका माहीत होता का, त्यावरचा उपाय बाजारात मिळत होता का, आणि तो का बसवला नाही? प्रेसच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर जवळपास नेहमीच "होय" येतं.

नव्या संहितेतल्या कर्तव्यांपैकी काही थेट खर्चाची आहेत. सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. सेफ्टी शूजचे सहाशे रुपये पहिल्या पगारातून कापणं अनेक ठिकाणी सर्रास चालतं, ते बेकायदा आहे. व्यवसायातून होणाऱ्या आजाराची तपासणीही मालकाच्याच खर्चाने. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. ठराविक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करायची, आणि सरकारने त्यासाठी चाळिशीपुढच्या कामगारांची मर्यादा सांगितली आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती कारखान्यात ५०० कामगारांपासून, घातक प्रक्रिया असेल तर २५० पासून. पूर्वी हा आकडा १००० होता.

आता प्रेसजवळ येऊ

गार्डचं कलम वाचायला सोपं आहे: यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कम आवरणाने झाकलेला हवा, आणि तो भाग हलत असेतोवर आवरण जागेवर हवं. अडतं ते "जागेवर" या शब्दापाशी. गार्ड बहुतेक कारखान्यांत असतं. ते प्रेसच्या मागे भिंतीला टेकवलेलं असतं.

का, ते समजून घेतल्याशिवाय नुसती सक्ती करून उपयोग नाही. लहान प्रेस शॉपमधल्या जुन्या मेकॅनिकल प्रेसना पिन क्लच किंवा की क्लच असतो. पायडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, अडकते आणि रॅम, म्हणजे वरखाली होणारा दाबाचा भाग, खाली येऊन वर जाईपर्यंत पूर्ण फेरी होते. मध्ये थांबवायची सोय नाही. ऑपरेटर एका हाताने ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, ठेवतो, दुसऱ्या हाताने तयार पीस काढतो, पायाने पायडल मारतो. पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, काम असेल तर मिनिटाला वीसपंचवीस वेळा हा क्रम होतो. गार्डमधून हात घालायला अडचण झाली की उत्पादन कमी पडतं आणि फोरमनच संध्याकाळी "गार्ड काढून मार" म्हणतो. गार्डचं डिझाइन डायनुसार (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा) केलेलं नसतं, हे खरं दुखणं. एकच जाळी सगळ्या डायना लावायची म्हटलं की ती कुठल्याच डायला नीट बसत नाही.

या प्रेसचा दुसरा धोका म्हणजे रिपीट मारणं. पायडल एकदाच दाबलेलं असतं, पण रॅम दोनदा खाली येतो. कारणं साधी असतात. क्लचच्या पिनची कड झिजून गोल झालेली, पिन परत ओढणारी स्प्रिंग तुटलेली किंवा ढिली, ब्रेकचं लायनिंग तेलाने माखलेलं, किंवा पायडलच्या जोडणीत मळी साचून ते पूर्ण वर येत नाही. "कालपासून एकदोनदा रिपीट मारला" असं ऑपरेटर सांगतो, आणि मेंटेनन्सवाला येईपर्यंत तीच प्रेस चालू राहते. इथेच बोटं जातात. नियम असा करावा की रिपीट एकदा मारला तरी प्रेसची मेन स्विच बंद, कुलूप, आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात.

पिन क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की यंत्राला थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावून घ्या असा सल्ला देणारे विक्रेते भेटतात. हा पैसा वाया जातो. कर्टनने किरण तुटल्याचा सिग्नल दिला तरी पिन क्लच मध्यात सुटत नाही, रॅम खाली येणारच. अशा प्रेसला डायभोवती बसणारं स्थिर आवरण लागतं. त्याची फट डायजवळ सहा मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. ब्लँक सुटे असतील तर घसरगुंडी, सरकता ट्रे किंवा डायल फीड (ब्लँक फिरवून आत नेणारी तबकडी) करून हात बाहेरच ठेवायचा. डाय बनवतानाच त्यासोबत आवरण बनवलं तर खर्च फारसा वाढत नाही. डाय तयार झाल्यावर गार्ड शोधत बसलं की मग जाळी.

न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचची (हवेच्या दाबाने, घर्षणावर चालणाऱ्या क्लचची) प्रेस असेल तर चित्र बदलतं, कारण ती मधेच थांबू शकते. तिथे कर्टन कामाचा आहे, पण तो किती लांब बसवायचा याचं गणित आहे. हात साधारण सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे जातो असं धरतात. किरण तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर बोट ओळखणारा १४ मिलिमीटरचा बारीक कर्टन डायपासून किमान ४०० मिलिमीटर दूर हवा. ब्रेकचं लायनिंग झिजून तोच वेळ ०.२५ सेकंद झाला की अंतर ५०० मिलिमीटर लागतं, आणि कर्टन तर तिथेच ४०० वर बसलेला असतो. दिवा हिरवा, सगळं ठीक दिसतं, आणि हात पोहोचल्यावर रॅम अजून हलतोय. म्हणून थांबण्याचा वेळ मोजून त्याची नोंद ठेवणं हे कर्टन बसवण्याइतकंच महत्त्वाचं. पहिल्या दिवशीचा मोजलेला आकडा प्रेसवर रंगवून ठेवा, म्हणजे पुढच्या तपासणीला तुलना करता येते.

दोन हातांच्या बटणांचंही तसंच. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायला हवा, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा पडता कामा नये. हे सर्किट नसेल तर एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडाच्या पाचरीने कायमचं दाबून ठेवतात. तपासायला सोपं आहे: एक बटण दाबून धरा, दुसरं वरचेवर दाबा. स्ट्रोक पडत राहिला तर ते सर्किट बदला. दोन ऑपरेटर असतील तर दोघांनाही स्वतंत्र बटणांची जोडी लागते. एकाकडे बटणं आणि दुसरा पीस काढतोय, हे अपघाताचं आमंत्रण.

चिमटा आणि मॅग्नेट उपयोगी आहेत, पण त्यांना गार्ड म्हणू नका. घाईत चिमटा खाली ठेवला जातो.

तपासणीचं वेळापत्रक असं ठेवा: डाय बदलल्यावर किंवा सेटिंग हलवल्यावर नेमलेल्या टूल सेटरने (डाय बसवणाऱ्याने) गार्ड चालवून बघायचं आणि सही करायची, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीच्या तासांत पुन्हा एकदा. ही सही उत्पादनाचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे त्या सुपरवायझरची नसावी. डाय बसवताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक घालून मगच हात आत. इंचिंग करत, म्हणजे रॅम थोडाथोडा हलवत, डाय जुळवताना बोट चिरडल्याचे अपघात चालू उत्पादनातल्या अपघातांइतकेच वाईट असतात, आणि ते अनुभवी माणसाला होतात.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पत्रा हाताळताना कट न होणारे मोजे हवेतच. पण ड्रिल, लेथ, मिलिंग अशा फिरत्या यंत्रावर मोजे घातले की धातूची चिप किंवा चकचं (फिरणाऱ्या पकडीचं) टोक कापड पकडतं आणि हात आत ओढला जातो. "पीपीई (सुरक्षेची साधनं) घातला नाही" म्हणून दंड करणारा सुपरवायझर ड्रिलवाल्यालाही मोजे घालायला लावतो, असं घडतं. बेंच ग्राइंडरवर टेकू (जॉब टेकवायचा आधार) आणि चाक यातली फट तीन मिलिमीटरच्या आत ठेवा. चाक झिजत जातं, फट वाढते, जॉब आत अडकतो आणि चाक फुटतं. नवं चाक बसवण्याआधी लाकडी हातोडीने हलकं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे. चाकावर छापलेला आरपीएम स्पिंडलच्या आरपीएमपेक्षा जास्त असायला हवा.

आवाज

प्रेस शॉपमध्ये बोटं जातात ते सगळ्यांना दिसतं. कान जातात ते कोणाला दिसत नाही. आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे आणि दर पाच डेसिबलला वेळ अर्धी होते: ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक. ११५ च्या वर थांबायचंच नाही. शेजारी दहा प्रेस चालू असलेल्या शेडमध्ये ९० ओलांडणं अवघड नसतं. आवाजामुळे आलेलं बहिरेपण हा कळवण्याजोगा व्यावसायिक आजार आहे, सिलिकोसिससारखाच. कामावर घेताना ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली नसेल तर नंतर "आधीपासूनच कमी ऐकू येत होतं" असा बचाव मालकाला करता येत नाही. म्हणजे ही तपासणी दोघांच्याही फायद्याची आहे, तरी ती सगळ्यात जास्त टाळली जाते.

उचलणारी यंत्रं, दाबाची भांडी, बंद टाक्या

क्रेन, होइस्ट (माल वर ओढणारं यंत्र), साखळी, स्लिंग (माल बांधून उचलायचा पट्टा किंवा दोर) यांची वर्षातून किमान एकदा, आणि माणसं किंवा माल नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागते. सक्षम व्यक्ती म्हणजे सरकारने मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था. तुमचा नेहमीचा क्रेन दुरुस्त करणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याचा दाखला चालत नाही. प्रत्येक स्लिंगवर सुरक्षित भाराचा आकडा हवा. कम्प्रेसरची हवेची टाकी हे दाबाचं भांडं आहे हे लहान कारखान्यांत विसरलं जातं. तिची बाहेरून दर सहा महिन्यांनी आणि आतून वर्षाने तपासणी करायची. तळाचा नळ रोज सोडून पाणी काढलं नाही तर टाकी आतून गंजते आणि पत्रा पातळ होतो. प्रेशर गेज तरीही बरोबर दाखवत राहतो.

बंद टाकी, खड्डा, सांडपाण्याची टाकी यांवर जास्त बोलायला हवं, कारण तिथे एकाच वेळी दोनतीन माणसं जातात. पहिला बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. जुन्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ सांगायचं की आत वायू नाही, प्राणवायू पुरेसा आहे असं सक्षम व्यक्तीने तपासून लेखी दिल्याशिवाय माणूस आत जाऊ नये. ते नसेल तर श्वसनयंत्र लावून, पट्ट्याला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात देऊनच. आत हातात न्यायचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको.

प्रत्यक्षात करायचं ते असं. आत येणाऱ्या सगळ्या पाइपलाइन नुसता व्हॉल्व्ह बंद करून न थांबता तोडून किंवा ब्लँक प्लेट टाकून वेगळ्या करा. ब्लोअरने हवा खेळवा. चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी करा, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली बसतो. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये हवा आणि ज्वालाग्राही वायू त्याच्या खालच्या स्फोट मर्यादेच्या (म्हणजे स्फोट होऊ शकेल अशा कमीत कमी प्रमाणाच्या) १० टक्क्यांच्या आत. टाकीतला गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो, म्हणून मोजणी काम चालू असतानाही. बाहेर थांबलेल्या माणसाला एकच काम: दोर धरून बोलत राहणं. त्याला चहा आणायला पाठवायचं नाही. हे काम बहुतेकदा ठेकेदाराला दिलेलं असतं, पण टाकी तुमच्या आवारात आहे.

आगीबद्दल थोडक्यात. बाहेर जायचा दरवाजा कामाच्या वेळात कुलूपबंद नसावा, चोरीच्या भीतीनेही नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म ब दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो.

अपघात झाल्यावर

मृत्यू झाला, किंवा इजेमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला नोटीस द्यावी लागते. मृत्यू किंवा गंभीर इजेत फोन लगेच, आणि मृत्यूत पोलिसांनाही. कोणालाही इजा न होता प्रेशर व्हेसल फुटलं, क्रेन कोसळली तर ती धोकादायक घटना म्हणून वेगळी कळवायची.

या ४८ तासांवर एक जुनी युक्ती आहे. बोट तुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बँडेजसह आणून खुर्चीत बसवायचं, हजेरी लावायची आणि "लाइट ड्यूटी" लिहायचं. दुसरी युक्ती म्हणजे खासगी दवाखान्यात "घरी पंख्यात हात गेला" असं सांगायचं. पण पॉवर प्रेसने आडवं कापलेलं बोट आणि पंख्याची जखम डॉक्टरला वेगळी ओळखू येते, आणि त्याने पोलिसांना कळवलेली नोंद तुमच्या हजेरीपत्रकाशी जुळत नाही. तोवर साधी बाब लपवाछपवीची झालेली असते. कर्मचारी राज्य विमा योजनेत माणूस नोंदलेला नसेल तर अपघाताच्या संध्याकाळी त्याचं नाव चढवायची घाई होते. नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख एकच दिसली की चौकशी लागते.

विमा असेल तर अपंगत्वाचं निवृत्तिवेतन विमा महामंडळ देतं आणि मालकाची थेट भरपाई टळते. विमा नसेल तर हिशोब मालकाच्या खिशातून. महिना १५,००० रुपये वेतन मोजणीत धरलं, कामगार ३० वर्षांचा असला, तर भरपाईच्या कायद्यात त्या वयाचा गुणक २०७.९८ आहे. वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८ केले की पूर्ण कायम अपंगत्वाचे १८,७१,८२० रुपये होतात. तर्जनी पूर्ण गेली तर त्याचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २,६२,००० रुपये. एवढ्यात किती डायची आवरणं झाली असती ते ज्याचं त्याने मोजावं. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड वर.

"त्याने स्वतःच गार्ड काढलं होतं" हा बचाव कायद्यात आहे, पण तो मृत्यू आणि पूर्ण कायम अपंगत्वाच्या बाबतीत चालत नाही. बाकीच्या प्रकरणांतही मालकाला हे सिद्ध करावं लागतं की गार्ड दिलेलं होतं, ते सुरक्षेसाठी आहे हे कामगाराला माहीत होतं आणि त्याने जाणूनबुजून ते काढलं. प्रेस कोपऱ्यात गार्डशिवाय वर्षभर चालल्याचं सगळ्या शेडला माहीत असेल तर हा बचाव उभाच राहत नाही. शिक्षेचं म्हणाल तर संहितेप्रमाणे कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेत एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडाची निम्मी किंवा जास्त रक्कम जखमी कामगाराला किंवा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं, आणि ती नुकसानभरपाईच्या वेगळी.

अपघातानंतर यंत्र पुसून, गार्ड परत लावून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. पायडल, स्प्रिंग, पिन, बटणाची स्थिती जशी आहे तशी राहू द्या, फोटो काढा, शेवटच्या डाय सेटिंगची वेळ आणि सेटरचं नाव लिहून घ्या. चौकशी अहवालात कारणाच्या रकान्यात "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहून फाइल बंद करायची सवय मोडायला हवी. निष्काळजीपणा हे कारण मानलं की उपाय म्हणून "समज देण्यात आली" एवढंच उरतं आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या प्रेसवर तेच होतं. त्या रकान्यात असं लिहा: पिनची कड दोन मिलिमीटर झिजलेली, परतीची स्प्रिंग तुटलेली, रिपीटची तक्रार तीन दिवस आधी तोंडी आलेली, लॉगमध्ये नोंद नाही. मग उपायही आपोआप कामाचे निघतात: पिन आणि स्प्रिंगचा संच स्टोअरमध्ये तयार ठेवणं, तक्रारीची वही प्रेसलाच बांधून ठेवणं, आणि मेंटेनन्सची सही झाल्याशिवाय कुलूप न उघडणं. प्रेस पुन्हा चालू करण्याची परवानगी कोणाच्या सहीने मिळते, त्याचं नाव आधीच ठरवून बोर्डवर लावून ठेवा. रात्रपाळीला तो माणूस नसेल तर प्रेस सकाळपर्यंत बंद.